अमेरिकेचं राजकारण आणि गावातलं वर्तमानपत्र

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला, ‘अमेरिकेच्या राजकारणात प्रसारमाध्यमांची भूमिका’. वेळ दिला अर्धा तास, आणि बजावलं की जेवणाची पानं बरोबर एक वाजता मांडली जातील. म्हणजे माझ्या विषयापेक्षा मोठा विषय पलीकडच्या मंडपात शिजतो आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

मी पत्रकार नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका छोट्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी बावीस वर्षं नोकरी केली. पण ग्रंथालयात वर्तमानपत्रांची टेबलं असतात आणि त्या टेबलांभोवती माणसं असतात. कोण काय वाचतं, कशावर भांडतं आणि काय वाचायचं सोडून देतं, हे रोज डोळ्यांसमोर होतं. त्यावरून जे कळलं ते सांगते.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर अमेरिकेतली निवडणूक आली की मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, “तिकडचा कुठला चॅनेल खरं सांगतो गं?” आणि दुसरा, “तिकडची माध्यमं पण विकली गेली आहेत का?” दोन्ही प्रश्न टीव्हीकडे बघून विचारलेले आहेत. माझं म्हणणं असं आहे की अमेरिकेतल्या माध्यमांची खरी ताकद, आणि आज तिथे जे बिघडलं आहे त्याचं एक मोठं कारण, टीव्हीच्या पडद्यावर दिसत नाही. ते गावातल्या वर्तमानपत्रात शोधावं लागतं.

आधी एक साधी गोष्ट सांगते. ती ऐकून इथल्या अनेकांना आश्चर्य वाटेल. आपल्याकडे निवडणुकीचा निकाल निवडणूक आयोग जाहीर करतो. अमेरिकेत मतदानाच्या रात्री राष्ट्राध्यक्ष कोण झाला हे सांगणारं कोणतंही सरकारी कार्यालय नाही. तिथे तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी समजा. प्रत्येक काउंटी आपापली मतं मोजते, मग राज्य त्यावर शिक्कामोर्तब करतं, डिसेंबरात निर्वाचक मतदान करतात आणि जानेवारीत संसदेत ती मतं मोजली जातात. हे सगळं व्हायला दोन महिने लागतात. मग त्या रात्री जगाला निकाल कोण सांगतं? वृत्तसंस्था सांगते. असोसिएटेड प्रेस ही संस्था १८४८ पासून हे काम करत आली आहे. तिची माणसं काउंटी-काउंटीच्या कार्यालयांतून आकडे गोळा करतात, बेरजा होतात आणि अमुक राज्य अमुक उमेदवाराने जिंकलं असं ती जाहीर करते. टीव्हीच्या वाहिन्याही आपापल्या तज्ज्ञांकरवी तेच करतात.

गंमत म्हणजे ही असोसिएटेड प्रेस कुणा शेठजींच्या मालकीची नाही. १८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या काही वर्तमानपत्रांनी एकत्र येऊन ती काढली आणि आजही ती सभासद वर्तमानपत्रांची सहकारी संस्था आहे. आपल्याकडे दूध संघ असतो ना, तसा हा बातम्यांचा संघ. गावोगावची वर्तमानपत्रं म्हणजे त्याचे सभासद.

यात काय जोखीम आहे ते २००० साली दिसलं. ७ नोव्हेंबरच्या रात्री सगळं फ्लोरिडा राज्यावर येऊन अडलं होतं. मोठ्या वाहिन्यांनी आधी फ्लोरिडा अल गोर यांना देऊन टाकलं. तेव्हा त्या राज्याच्या पश्चिम टोकाला मतदानही संपलेलं नव्हतं. दोनेक तासांनी ते मागे घेतलं. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास वाहिन्यांनी जॉर्ज बुश जिंकले असं सांगितलं. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदनही केलं. पहाटे पुन्हा सगळं मागे! गोर यांनी दुसरा फोन करून पहिला फोन रद्द केला. त्या रात्री असोसिएटेड प्रेसने मात्र बुश यांचा विजय जाहीर केला नाही, कारण त्यांच्या माणसांकडचे काउंट्यांचे आकडे तसं सांगत नव्हते. शेवटी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वाद मिटला. फरक होता ५३७ मतांचा.

ज्यांची माणसं प्रत्यक्ष मोजणीच्या टेबलापाशी उभी होती ते थांबले आणि जे स्टुडिओत बसले होते ते घसरले. पुढचं सगळं समजून घ्यायला ही एवढी गोष्ट पुरेशी आहे.

आता थोडा इतिहास. नागरिकशास्त्राच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे सनावळ्या नीट सांगाव्या लागतील. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराच्या शेपटाला बांधलेला विषय, असं आम्ही तेव्हा समजत होतो. बाई मात्र तो विषय कधी शेपटासारखा शिकवत नव्हत्या.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती १७९१ ची. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा संसदेने करायचा नाही, असं ती सांगते. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यानंतर वर्षभरात आलेला १७९२ चा टपाल कायदा फारसा कुणाला माहीत नसतो. त्या कायद्याने वर्तमानपत्रं टपालाने अगदी कमी दरात पाठवायची सोय झाली. पत्र पाठवायला भरपूर पैसे आणि वर्तमानपत्र पाठवायला किरकोळ. शिवाय एका संपादकाने दुसऱ्या संपादकाला आपला अंक पाठवला तर तो फुकट. म्हणजे सरकारने माध्यमांना नुसतं मोकळं सोडलं नाही, त्यांच्या वाटेवर स्वतः खडीही टाकून दिली. त्यामुळे लहान लहान गावांत वर्तमानपत्रं निघाली.

ती वर्तमानपत्रं निःपक्षपाती होती असं मात्र समजू नका. बहुतेक सगळी उघडउघड कुठल्या ना कुठल्या पक्षाची होती. थॉमस जेफरसन यांनी १७८७ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की वर्तमानपत्रांशिवाय सरकार किंवा सरकारशिवाय वर्तमानपत्रं यांतून निवडायची वेळ आली तर मी दुसरा पर्याय निवडेन. तेच जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १८०७ मध्ये, लिहून गेले की वर्तमानपत्रात छापलेल्या कशावरही विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. खुर्चीवर बसण्याआधीचं मत आणि खुर्चीवर बसल्यानंतरचं मत! त्यामुळे राजकारणी माध्यमांवर चिडतात ही आजची गोष्ट नाही.

मग रेडिओ आला. मंदीच्या काळात, १२ मार्च १९३३ च्या रविवारी रात्री, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी रेडिओवरून लोकांना बँक म्हणजे काय, तुमचे पैसे तिथे कसे असतात, हे साध्या शब्दांत समजावून सांगितलं. देशभरातल्या बँका तेव्हा बंद ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या उघडायला लागल्या आणि लोक पैसे काढायच्या ऐवजी भरायला रांगेत उभे राहिले. संपादकाला वळसा घालून नेता थेट घरात बोलू लागला तो इथून.

टीव्हीचा जमाना २६ सप्टेंबर १९६० ला खऱ्या अर्थाने सुरू झाला असं म्हणतात. केनेडी आणि निक्सन यांचा शिकागोतला वादविवाद साडेसहा-सात कोटी लोकांनी पाहिला. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठले होते, चेहरा ओढलेला होता. केनेडी ताजेतवाने दिसत होते. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिला भक्कम पुरावा नाही. पण ती इतक्या वेळा सांगितली गेली की पुढच्या प्रत्येक उमेदवाराने ती खरी मानली आणि तेव्हापासून चेहऱ्याला भाषणाइतकंच महत्त्व आलं.

त्यानंतरची वीसेक वर्षं तीन वाहिन्यांची. संध्याकाळी अर्धा तास बातम्या, आणि जवळजवळ सगळा देश त्याच तीन खिडक्यांतून जग बघत होता. २७ फेब्रुवारी १९६८ ला सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट व्हिएतनामहून परत येऊन म्हणाले की हे युद्ध आता कोंडीत अडकलं आहे. पुढच्याच महिन्यात, ३१ मार्चला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. एका निवेदकामुळे राष्ट्राध्यक्ष गेला, असा सरळ हिशेब मी करणार नाही. त्यामागे युद्ध होतं, पक्षातली बंडाळी होती. पण सगळ्यांनी एकच बातमी पाहिलेली असणं, यात एक जोर होता.

तो काळ सोन्याचा होता असं सांगणारी माणसं आमच्या ग्रंथालयात रोज यायची. माझ्या ओळखीचे एक कृष्णवर्णीय आजोबा मात्र त्यांचं ऐकून नुसते हसायचे. त्यांच्या हसण्याचा अर्थ मला केर्नर आयोगाच्या अहवालात सापडला. शहरांतल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या या आयोगाने क्रॉन्काइट यांच्या त्या कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी अहवाल दिला. त्यात माध्यमांवर स्पष्ट ठपका होता की तुम्ही हा देश फक्त गोऱ्या माणसाच्या नजरेने दाखवता. तेव्हा सगळे एकाच खिडकीतून बघत होते हे खरं, पण त्या खिडकीतून सगळे दिसत नव्हते.

आता वॉटरगेट. आपल्यापैकी अनेकांनी त्यावरचा चित्रपट पाहिला आहे, आणि दोन तरुण वार्ताहरांनी राष्ट्राध्यक्षाला घालवलं अशी एक समजूत पक्की झाली आहे. क्रम नीट बघू या. १७ जून १९७२ ला वॉटरगेट इमारतीत पाच जण पकडले गेले. वॉशिंग्टन पोस्टच्या वुडवर्ड आणि बर्नस्टीन यांनी धागा पकडून ठेवला. त्यांच्या बातम्या छापून येत असतानाच नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकले! म्हणजे बातम्यांनी एक राज्यसुद्धा फारसं हललं नाही. पण विषय मेला नाही. न्यायाधीशांनी आरोपींना सोडलं नाही, सिनेटची समिती बसली, विशेष वकील नेमले गेले, ध्वनिफितींचा शोध लागला, सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ ला त्या द्यायला लावल्या आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

याचा अर्थ मी असा लावते. बातमीने मतं फिरतातच असं नाही. बातमीचं काम एवढंच की गोष्ट झाकली जाऊ नये, आणि ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांना ती माहीत नव्हती असं म्हणता येऊ नये. पुढचं काम न्यायालयांचं, संसदेचं आणि नागरिकांचं.

मग बिघडलं कुठे? सगळे १९८७ कडे बोट दाखवतात. १९४९ पासून एक नियम होता. रेडिओ-टीव्हीचा परवाना घ्यायचा असेल तर वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडायच्या. १९८७ मध्ये तो काढून टाकला. पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला आणि एका बाजूने तासन्‌तास बोलणारा रेडिओ हा मोठा धंदा झाला. हे खरं आहे, पण अर्धंच. तो नियम हवेतून जाणाऱ्या प्रक्षेपणाचा होता, केबलला तो लागूच नव्हता. सीएनएन १९८० मध्येच सुरू झालं होतं. १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज आले. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्यातल्या एका कलमाने, लोकांनी संकेतस्थळावर टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्या कंपनीवर नाही असं ठरलं. आजच्या समाजमाध्यमांचा पाया तिथे आहे.

चोवीस तास बातम्या देणं परवडत नाही, चोवीस तास मतं देणं परवडतं. वार्ताहराला गावी पाठवायचं म्हणजे गाडी, मुक्काम, पगार. चार माणसांना स्टुडिओत बसवून भांडायला लावायचं म्हणजे चार कप कॉफी. आपल्याकडेही रात्री नऊ वाजता हे दिसतं, त्यामुळे अधिक सांगत नाही.

आणि मग प्रेक्षकच मालक होतो. २०२० च्या निवडणुकीत मतदानयंत्रांत घोटाळा झाला, असे आरोप फॉक्स न्यूजवर चालवले गेले. यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने दावा लावला. त्या खटल्यात वाहिनीतल्या लोकांचे आपसातले संदेश बाहेर आले. या आरोपांवर त्यांच्यातल्या अनेकांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. भीती होती ती प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जातील याची. १८ एप्रिल २०२३ ला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हा ‘माध्यमं विकली गेली आहेत का’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं की कधीकधी ती आपल्यालाच विकली गेलेली असतात. आपल्याला जे ऐकायचं आहे तेच ते विकतात.

पण आता टीव्ही बंद करू आणि मी म्हटलं त्या गावाकडे येऊ.

अमेरिकेतल्या गावच्या वर्तमानपत्राचा पोट भरायचा धंदा बातम्यांचा नव्हताच. तो छोट्या जाहिरातींचा होता. घर भाड्याने देणे आहे, जुनी गाडी विकणे आहे, शिकाऊ मुलगा पाहिजे. त्या पैशांवर गावच्या सभेला बसणाऱ्या वार्ताहराचा पगार निघायचा. इंटरनेटवर या जाहिराती फुकट झाल्या आणि पाया गेला. पाठोपाठ बाकीच्या जाहिराती गूगल-फेसबुककडे गेल्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत सुमारे ७१ हजार माणसं काम करत होती. २०२० मध्ये उरली सुमारे ३१ हजार. २००५ पासून पाहिलं तर देशातली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली आहेत. दोनशेहून जास्त काउंट्यांमध्ये आज स्थानिक बातमी देणारं काहीच नाही.

आमच्या ओहायोत यंग्जटाउन नावाचं शहर आहे. पोलादाचं गाव. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये तिथला मोठा कारखाना बंद झाला आणि हजारो लोकांचं काम गेलं. तेव्हापासून ते शहर उतरतीला लागलं, पण त्याचं ‘व्हिंडिकेटर’ हे दैनिक रोज निघत होतं. ३१ ऑगस्ट २०१९ ला, दीडशेव्या वर्षी, ते बंद पडलं. शेजारच्या गावच्या दैनिकाने ते नाव विकत घेतलं आणि त्या नावाची आवृत्ती काढली, एवढंच. आमच्या ग्रंथालयात काही वाचक तिकडचे होते. एक बाई मला म्हणाल्या, “आता आमच्याकडे कोण वारलं तेही कळत नाही.” आपल्याला हे लगेच समजेल. आपल्या लहानपणी जिल्ह्याच्या साप्ताहिकात निधनवार्ता, दहावीत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आणि नगरपालिकेच्या सभेतली बाचाबाची एकाच पानावर असायची. त्या पानावर आपलं गाव गाव म्हणून दिसायचं.

निधनवार्ता न कळणं हे दुःख आहे. पण याहून मोठं नुकसान कसं होतं ते कॅलिफोर्नियातल्या बेल या गावात दिसलं. लॉस एंजेलिसला लागून असलेलं, छत्तीस-सदतीस हजार वस्तीचं, कष्टकऱ्यांचं गाव. बहुतेक लोक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. सभेला नियमाने बसणारा वार्ताहर तिथे उरला नव्हता. २००५ मध्ये तिथे एक छोटी खास निवडणूक झाली. प्रश्न असा काही शब्दांत मांडला होता की कुणाच्या लक्षातच आलं नाही. चारशेहून कमी लोकांनी मत दिलं. त्या मतदानामुळे नगरसेवकांच्या पगारावर असलेली राज्याची मर्यादा या गावाला लागू राहिली नाही. पुढे पाच वर्षं कुणी विचारलं नाही. जुलै २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन वार्ताहर शेजारच्या गावाच्या बातमीमागे असताना त्यांना बेलचा सुगावा लागला. गावचे मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेत होते. देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार चार लाख! अर्धवेळ काम करणारे नगरसेवक लाखाच्या आसपास घेत होते. आणि हा पैसा त्या कष्टकऱ्यांच्या घरपट्टीतून येत होता.

बातमी आल्यावर गाव रस्त्यावर उतरलं. रिझो यांना राजीनामा द्यावा लागला, मार्च २०११ मध्ये लोकांनी मतदान करून नगरसेवकांना घरी पाठवलं आणि २०१४ मध्ये रिझो यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या वृत्तपत्राला पुलित्झर पारितोषिक मिळालं, ते योग्यच. पण मला प्रश्न पडतो तो आधीच्या पाच वर्षांचा. २००५ च्या त्या सभेत, पगार ठरवणाऱ्या प्रत्येक सभेत, वही घेऊन एक माणूस मागच्या बाकावर बसला असता तर? त्याने काही लिहिलं नसतं तरी चाललं असतं. तो बसला आहे एवढं त्यांना दिसलं असतं तरी पुरलं असतं.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचं. २०२२ मध्ये तिथून जॉर्ज सँटोस संसदेवर निवडून आले. निवडणुकीनंतर, डिसेंबरमध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की त्यांनी सांगितलेलं शिक्षण, सांगितलेल्या नोकऱ्या यांचा पत्ताच लागत नाही. देशभर गदारोळ झाला. पण ‘नॉर्थ शोअर लीडर’ नावाच्या तिथल्या छोट्या साप्ताहिकाने निवडणुकीच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, विचारलं होतं की या गृहस्थांकडे अचानक एवढा पैसा आला कुठून? वाचलं मोजक्या लोकांनी. उचललं कुणीच नाही. पूर्वी अशी बातमी गावच्या साप्ताहिकातून जिल्ह्याच्या दैनिकात आणि तिथून मोठ्या वर्तमानपत्रात चढत जायची. मधल्या पायऱ्या मोडल्या होत्या. १ डिसेंबर २०२३ ला संसदेने ३११ विरुद्ध ११४ मतांनी सँटोस यांना काढून टाकलं. तोवर त्या मतदारसंघाचं वर्ष वाया गेलं होतं.

अभ्यासकांनी या गोष्टी मोजून पाहिल्या आहेत. जिथे वर्तमानपत्र बंद पडतं तिथे नगरपालिकेला कर्ज जास्त व्याजाने घ्यावं लागतं, कारण कर्ज देणाऱ्यालाही ठाऊक असतं की आता इथे लक्ष ठेवणारं कुणी नाही. आणि अशा ठिकाणी एकाच मतपत्रिकेवर एका पदासाठी या पक्षाला आणि दुसऱ्या पदासाठी त्या पक्षाला मत देणारे लोक कमी होतात. माणूस बघून मत देणं कमी होतं आणि झेंडा बघून मत देणं वाढतं. साहजिक आहे. आपल्या गावच्या उमेदवाराने गटाराचं काय केलं हे सांगणारं कुणी नसेल तर माणूस वॉशिंग्टनच्या भांडणातली आपली बाजू घेऊनच मतदानाला जाणार.

मी राहते त्या गावात हे मी पाहिलं. ओहायोत शाळेचा बराच खर्च घरपट्टीतून निघतो आणि ती वाढवायची की नाही हे लोक मतदानाने ठरवतात. आमच्या शाळा मंडळाच्या सभा खुल्या असतात. मी निवृत्त झाल्यावर जायला लागले. भिंतीलगत पत्रकारांसाठी एक छोटं टेबल मांडलेलं असतं. सुरुवातीला तिथे जवळच्या दैनिकाची एक मुलगी बसायची, मग ती महिन्याआड येऊ लागली, मग बंद झाली. टेबल अजून मांडतात. एकदा छताच्या दुरुस्तीसाठी पट्टी वाढवायची की नाही यावर मतदान होतं. छत गळत होतं, वर्गात बादल्या ठेवल्या होत्या. पण गावात चर्चा काय, तर शाळेत कुठली पुस्तकं आहेत आणि कुठल्या पक्षाने काय बंदी घालायला सांगितली आहे. ती भांडणं दुसऱ्या राज्यातली, टीव्हीवरून आलेली. छताबद्दल कुणालाच धड माहिती नव्हती. प्रस्ताव पडला. बादल्या तिथेच राहिल्या. बादल्यांचा फोटो आणि खर्चाचा आकडा गावच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला असता तर काय झालं असतं कुणास ठाऊक. कदाचित तरीही पडला असता. पण लोकांनी छतावर मत दिलं असतं.

चित्र अगदीच काळं नाही. फिलाडेल्फियाचं मोठं दैनिक आता एका ना-नफा संस्थेच्या मालकीचं आहे. सॉल्ट लेक सिटीचं दैनिक २०१९ मध्ये स्वतःच ना-नफा झालं. टेक्सासमध्ये २००९ पासून ‘टेक्सास ट्रिब्यून’ देणग्यांवर आणि वर्गणीवर चालतं आणि राज्याच्या विधिमंडळावर बारीक लक्ष ठेवतं. लोक दरमहा पाच-दहा डॉलर देतात. पण हे जमतं मोठ्या शहरांत, शिकलेल्या, पैसेवाल्या वस्तीत. बेलसारख्या गावाला देणगीदार कुठून मिळणार? याचं उत्तर अजून अमेरिकेला सापडलेलं नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. कुठला चॅनेल खरं सांगतो? चॅनेलचं नाव मी सांगणार नाही. ग्रंथालयात आम्ही शाळेतल्या मुलांना तीन प्रश्न शिकवायचो, तेच सांगते. ही बातमी सांगणारा माणूस तिथे गेला होता का? ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याला त्याने विचारलं का? आणि उद्या चूक निघाली तर तो ती आपल्या नावानिशी दुरुस्त करेल का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर त्याचा पक्ष कुठला का असेना, मी त्याचं ऐकून घेते. आपल्या ग्रुपवर अमेरिकेची कुठलीही चित्रफीत आली की पुढे पाठवण्याआधी हे तीन प्रश्न विचारून बघा. निम्म्या चित्रफिती पहिल्याच प्रश्नाला गळतील.

आणि दुसरी एक विनंती. आपल्यापैकी बरेच जण अजून याच गावात, याच तालुक्यात आहेत. दोघं नगरपालिकेत निवडून आले आहेत, एक जण शाळेच्या संस्थेवर आहे. इथलं साप्ताहिक अजून निघतं, हे मी काल बसस्टँडवर पाहिलं आणि एक अंक घेतला. वर्षाची वर्गणी आपल्या आजच्या चहाच्या खर्चापेक्षा कमी आहे. ती भरा. त्यात तुमच्याविरुद्ध काही छापून आलं तरी भरत राहा. निवडून आलेल्या दोघांना तर मी हे मुद्दाम सांगते आहे.

बाई, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं की मतदान हा नागरिकाचा हक्क आहे आणि माहिती घेऊन मतदान करणं हे त्याचं कर्तव्य. हक्काची व्यवस्था सरकार करतं, पेट्या ठेवतं, शाई लावतं. ती माहिती गावापर्यंत कुणी आणायची आणि त्या माणसाचा पगार कुणी द्यायचा, एवढा एक धडा पुस्तकात राहून गेला होता. अमेरिकेसारखा श्रीमंत देश तो आत्ता, फार उशिरा शिकतो आहे.

एक वाजत आला. पानं मांडल्याचा आवाज येतो आहे. सर्व गुरुजनांना नमस्कार करते आणि थांबते.